तुम्ही कामाला जाता का?

माझ्या नवऱ्याला वाटतं, त्याला माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे. थायरॉइडचे रिपोर्ट, कॉलेजातल्या कटकटी, कुठल्या मावशीचा फोन मी का उचलत नाही — सगळं. हे एक सोडून. हे आईलाही कधी बोलले नाही, मैत्रिणींनाही नाही. आणि ज्या सरांना सांगायला हवं होतं ते तर आता राहिलेच नाहीत. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. उगीच फार मोठं कारण शोधू नका.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. संशोधन पद्धतीचा पेपर माझ्याकडे असतो, आणि त्यात संशोधकाच्या नीतिमत्तेवर एक प्रकरण आहे. दरवर्षी शिकवते. मॅडम फार तळमळीने शिकवतात असं मुलं म्हणतात. नाकाने कांदे सोलणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर त्या तासाला येऊन मागच्या बाकावर बसा.

तर — गोष्ट तेव्हाची, जेव्हा माझी पीएच.डी. चालू होती. मरोळला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या वर एक छोटी खाजगी संशोधन संस्था होती. आता नाही, केव्हाच बंद झाली. खाली पुठ्ठ्याचे खोके कापायचं मशीन चालायचं आणि वर आमची टेबलं थरथरायची. तिथे मी नोकरी करत होते. प्रकल्प होता घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतल्या बायकांचा — किती जणी कमावतात, काय करून कमावतात, आणि ज्या कमावत नाहीत त्या का नाही. याच माहितीवर माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहायचं होतं.

प्रश्नावली इंग्रजीतून आली होती. मराठी करायचं काम माझ्याकडे.

चौदाव्या प्रश्नावर मी अडले. तुम्ही काम करता का, असा साधा प्रश्न. पण डोंगरावरच्या बाईला ‘काम करता का’ विचारलं तर ती काय म्हणेल? म्हणेल, मग काय दिवसभर झोपा काढते? घरातलं कोण करतं, तुमचे सर? म्हणजे घरकाम वेगळं काढायला हवं. दोन दिवस विचार केला आणि मी लिहिलं — ‘तुम्ही कामाला जाता का?’ एक प्रत्यय, एक क्रियापद आणि प्रश्न कसा स्वच्छ झाला! मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

अशा प्रश्नावलीचं मग उलट भाषांतर करतात. म्हणजे मूळ न पाहिलेल्या माणसाने मराठीचं परत इंग्रजी करायचं आणि ते मुळाशी जुळतंय का बघायचं. माझा चौदावा प्रश्न तंतोतंत जुळला. संस्था चालवणारे आमचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, भाषांतर असं करायचं असतं.

त्यानंतर वस्तीत जाऊन पंधरा-वीस बायकांना प्रश्न विचारून बघायचे असतात. चाचणी म्हणतात त्याला. मी गेले नाही. ऊन होतं, कंटाळा होता, प्रबंधाची घाई होती. मी घरी, आमच्या मजल्यावरच्या शेजारच्या काकूंना प्रश्न वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, किती सोपी भाषा आहे गं. मी अहवालात लिहिलं — चाचणी पूर्ण.

तुमच्या आतापर्यंत लक्षात आलं असेल. मुंबईतले असाल तर नक्कीच. कामाला कोण जातं हो आपल्याकडे? माझी आई बँकेत जायची. बाबा ऑफिसला. आत्या शाळेवर होती, काका कंपनीत. आणि आमच्याकडे शांताबाई कामाला यायच्या. ‘तुझी आई कामाला जाते का गं,’ असं कुणी मला लहानपणी विचारलं असतं तर मी भांडायला उठले असते. कामाला जाते ती धुणीभांडी करणारी — हे मला कुणी शिकवायची गरजच नव्हती, मी त्याच घरात वाढले होते. तरी लिहिलं. घरात ज्या शब्दाचा अर्थ रोज ऐकला तो टेबलावर बसल्यावर मला आठवलाच नाही.

इथपर्यंत ही नुसती चूक आहे. चुका सगळ्यांच्या होतात. मी जे सांगायला बसले आहे ते याच्या पुढचं.

माहिती गोळा करायला चौघी होत्या. तिघी नुकत्याच पदवीधर झालेल्या मुली, आणि चौथी लता. लता चाळिशीची. राहायला डोंगराच्या पायथ्यालाच. सासरचं गाव मालवणकडे, सासरे गिरणीत होते, नवरा कपड्याच्या दुकानात. बारावीनंतर तिने हेच केलं होतं — पोलिओचा सर्व्हे, संडासांचा सर्व्हे, पोरांच्या वजनाचा सर्व्हे. गळ्यात ओळखपत्र अडकवून ती चढण चढायला लागली की वरून पोरं ओरडायची, सर्व्हेवाल्या मॅडम आल्या! तिला ते आवडायचं. का नाही आवडणार? सरांनी तिला शब्द दिला होता, हा प्रकल्प नीट झाला की पुढच्याला सुपरवायझर करू. तिने ते वस्तीभर सांगितलं होतं.

पहिल्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, “मॅडम, तो चौदावा प्रश्न जरा बदलूया ना? बायका रागावतात हो. एक तर मला म्हणाली, मेल्ये, आम्ही काय भांडी घासतो लोकांची?” आणि हसली.

मी मान वर न करता म्हटलं, “लताताई, एक शब्दही बदलायचा नाही. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला तरच ते संशोधन.”

बघा, तिने मला सांगितलं होतं. हसत सांगितलं, वेळेवर सांगितलं. मी ऐकलं नाही, कारण मला स्वतःचा प्रश्न आवडला होता. हेही अजून खरं नाही — खरं म्हणजे बदल करायचा तर चाचणीचे कागद बाहेर काढावे लागले असते, आणि चाचणीचे कागद नव्हतेच.

फॉर्म यायला लागले. त्या तिघी मुलींच्या फॉर्मवर चौदाव्या प्रश्नासमोर बहुतेक ठिकाणी ‘नाही’. आणि ‘नाही’ आलं की खाली सूचना होती — प्रश्न एकवीसवर जा. मधली दोन पानं कोरी. लताचे फॉर्म मात्र गच्च भरलेले. बारीक अक्षरात, समासात, पानाच्या मागे. अमकी नकली दागिन्यांना खडे चिकटवते, माल गल्लीतला माणूस आणून देतो. तमकी गजरे करते. एक जण हार ओवते, मुलगी शाळेतून आली की तीही बसते. मध्ये दिवाळीला काम वाढतं, मग स्वयंपाक सासू करते. असं सगळं.

सरांनी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले. गल्ली तीच, घरं भिंतीला भिंत लागून. एकीकडे जवळजवळ कुणीच काही करत नाही, दुसरीकडे जवळजवळ सगळ्याच करतात. कुणीतरी फॉर्म घरी बसून भरलेत, एवढं उघड होतं. कुणी? तिघी एकसारखं सांगत होत्या, लता एकटी वेगळं. सर मला म्हणाले, तू स्वतः जा आणि लताची काही घरं परत विचारून ये.

मी गेले. पहिल्यांदा. इतके महिने मी त्या वस्तीवर लिहीत होते आणि तोवर एकदाही ती चढण चढले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकणं.

पहिल्या घरात एक बाई उंबऱ्यात बसून पत्र्याच्या झाकणातले खडे चिमट्याने उचलून कानातल्यावर लावत होती. मी फॉर्म काढला आणि वाचलं, तुम्ही कामाला जाता का? ती म्हणाली, नाही, घरीच असते. चिमटा थांबला नाही. मी ‘नाही’वर खूण केली आणि तिच्या हाताकडे बघत उभी राहिले. मग विचारलं, हे काय? म्हणाली, हे होय, टाइमपास. सकाळपासून रात्रीपर्यंतचा टाइमपास! दुसऱ्या घरात बाई माझ्यावर डाफरली. तिसऱ्या घरात एक जण अंबाड्यात पिना खोचत बाहेर निघालेली, घाईने म्हणाली, “कामाला नाय जात हो, कंपनीत जाते.” फॉर्मप्रमाणे तीही ‘नाही’.

चौथ्या घरात मी विचारलं, लताताई आल्या होत्या का? आल्या होत्या की, बाई म्हणाली, अर्धा तास बसल्या, पाणी प्यायल्या. काय विचारलं त्यांनी? बाई आठवत म्हणाली, “त्यांनी विचारलं, बाय, दिवसभर हात कशात असतात तुझे?”

दिवसभर हात कशात असतात तुझे. मी तिथेच उभी होते आणि मला कळलं की माझ्या दोन दिवसांच्या विचारापेक्षा हा प्रश्न चांगला आहे. पुढच्या प्रत्येक घरात मी दोन्ही प्रश्न विचारले. माझ्या प्रश्नाला ‘नाही’ आलं. लताच्या प्रश्नाला तेच उत्तर आलं जे तिने लिहून आणलं होतं. एकही घर चुकलं नाही. तिने एकही फॉर्म घरी बसून भरला नव्हता.

मग मला काय वाटलं? शरम वाटली असं लिहायला बरं वाटलं असतं. शरम नाही वाटली. भीती वाटली. आपली वाट लागली, एवढंच मनात आलं. तिघींचे सगळे फॉर्म रद्द, सगळी वस्ती परत, चाचणी केली का हा प्रश्न, माझं प्रकरण एक वर्ष पुढे. आणि सर सगळ्यांसमोर ज्या भाषांतराचं उदाहरण द्यायचे, ते भाषांतर.

फेरतपासणीचा एक कागद असतो. त्यात दोन रकाने — आधीचं उत्तर, आताचं उत्तर. आताचं उत्तर छापील प्रश्नाचंच लिहायचं असतं. मी लिहिलं. ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. शेवटच्या रकान्यात जुळतं की नाही ते. ‘जुळत नाही’, ‘जुळत नाही’. गंमत बघा — त्या कागदावर एक अक्षर खोटं नाही. आजही तो काढून कुणी तपासला तर मी सुटेन.

सरांनी कागद पाहिला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना लता आवडायची, वाईट वाटलं त्यांना. म्हणाले, “म्हणजे घरी बसून भरले तिने?”

कागदाने एवढंच काम केलं होतं. पुढचं तोंडाने करायचं होतं. मी म्हटलं, “तसंच दिसतं, सर.”

हे ते. हे तीन शब्द. इतकी पानं गोल गोल फिरून मी इथे आले.

लताला बोलावलं. ती नेहमीसारखी लवकर आली, बाहेरच्या खुर्चीवर बसली होती, मला बघून हसली. आत सर बोलल्यावर आधी तिला कळलंच नाही. मग म्हणाली, सर, मी घरोघर गेलेय, पाय बघा माझे. मग म्हणाली, हां, तो एक प्रश्न मी जरा वेगळा विचारला. सर म्हणाले, म्हणजे प्रश्नही बदललात? झालं. तिने खरं सांगितलं आणि तेच तिच्यावर उलटलं. तेव्हा ती माझ्याकडे वळली. “मॅडम, तुम्ही तर जाऊन आलात ना? तुम्ही सांगा ना सरांना.”

मी म्हटलं, मी फॉर्मवर होतं तेच विचारलं. आणि मिठाची गुळणी धरून बसले.  मग तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवून गेली. तिचे फॉर्म बाद केले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं. फरक एवढाच की इथे चोरानेच साक्ष दिली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. या धंद्यात माणसं फोनवरून घेतात — कोण मोकळं आहे, कोण बरं काम करतं. काही महिन्यांनी दुसऱ्या एका संस्थेतून एकीने मला विचारलं, तुमच्याकडे लता होती ना, कशी आहे? मी म्हटलं, जाऊ दे, मी काही बोलत नाही. मुंबईत राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर मला कुणी फोन केला नाही, म्हणजे ते आपापसातच पसरलं असणार. लता परत कुठल्या सर्व्हेत दिसली नाही.

अहवाल निघाला. वस्तीतल्या बायका काम करत नाहीत, हा निष्कर्ष. का करत नाहीत यावर मी प्रबंधात लांबलचक लिहिलं — रूढी, घरच्यांचा विरोध, आत्मविश्वासाचा अभाव. जी बाई माझ्यावर डाफरली होती तिच्यावर मी आत्मविश्वासाचा अभाव लिहिला. परीक्षकांनी वाखाणलं. अहवाल वाचून एका संस्थेने वस्तीत बायकांसाठी प्रशिक्षण वर्ग काढला. विषय काय, तर नकली दागिने तयार करणे! मला उद्घाटनाला बोलावलं होतं. मी ताप आल्याचं कळवलं. पदवी मिळाली, त्या पदवीवर ही नोकरी मिळाली.

सरांना सांगायच्या संधी आल्या नाहीत असं नाही. ते आजारी असताना मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या वेळी तर त्यांनीच लताचं नाव काढलं — म्हणाले, एवढी चांगली बाई, असं का केलं असेल? मी त्यांच्यासाठी मोसंबी सोलत होते. सोलत राहिले.

मागच्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत मी स्टाफरूममधून बाहेर आले, तर जिन्यापाशी कुणीतरी म्हणालं, “मॅडम, ओळखलंत?” लता. केस पांढरे झालेले, अंगाने सुकलेली. शेजारी मुलगी, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. बी.ए.ला प्रवेश घ्यायला आल्या होत्या. लता आता घाटकोपरला एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. हे तिनेच सांगितलं, सहज. तक्रारीचा सूर नव्हता. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं, असंही वाटलं — निदान मला तेवढं तरी ऐकून घेता आलं असतं.

ती मुलीला म्हणाली, “ह्या मॅडमकडे होते मी. सांगितलं नव्हतं तुला?” मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून: “मॅडम, तेव्हा मी नको तो शहाणपणा केला. तुम्ही सांगितलं होतं, शब्द बदलू नका. मी बदलला. तुमच्या एवढ्या मोठ्या कामाचा माझ्यामुळे खोळंबा झाला असणार. इतकी वर्षं मनात होतं, एकदा भेटून माफी मागायची.”

जिन्यावर दुसरं कुणी नव्हतं. घंटा व्हायची होती. एक वाक्य पुरलं असतं — लताताई, तुमचा प्रश्न बरोबर होता. तिच्या मुलीच्या कानावर पडलं असतं. माझं काय जाणार होतं? पदवी कुणी काढून घेणार नव्हतं, सर नव्हते, संस्था नव्हती. या वेळी भ्यायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “जाऊ द्या हो लताताई. होतं असं कधी कधी माणसाकडून. मी तर विसरूनसुद्धा गेले.”

तिचे डोळे भरले. मुलीला म्हणाली, पाया पड मॅडमच्या. मुलगी वाकली, मी वाकू दिलं. लता म्हणाली, “मन मोठं आहे मॅडम तुमचं.”

मी नाही म्हटलं नाही.